खिळ्यांचा पट्टा आणि नाकपुडी क्लास

सुदर्शनच्या हनुवटीखाली तीन लाल ठिपके होते. एका ओळीत, सारख्या अंतरावर. डास इतका शिस्तीत चावत नाही. दाढी करताना कापलं असतं तर रेघ उमटली असती. चहा पिताना तो मान वर करायचा तेव्हाच ते दिसायचे. दोन फिकट, जुने, एक ताजा.

ते अंतर माझ्या ओळखीचं होतं. दाराजवळच्या खुंटीवर त्याचा पट्टा टांगलेला असतो. बिबट्याने मान धरू नये म्हणून शेतात जाताना गळ्यात घालायचा, बाहेरच्या अंगाने खिळे असलेला. वारूळवाडीच्या आमच्या मळ्यात हल्ली बहुतेक सगळे घालतात. काही बायकांनी तर साडीवर जाईल अशा कापडाने तो मढवून घेतलाय. पण उसात काम करताना त्याचा खिळा हनुवटीला लागत नाही. त्यासाठी डोकं पुढे पडावं लागतं, म्हणजे बसल्या जागी डुलकी लागावी लागते.

आणि हॉलमधली खुर्ची महिनाभर टीव्हीकडे पाठ करून दाराकडे तोंड करून होती.

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. एवढ्या पुराव्यावरून निष्कर्ष काढायला मला वेळ लागला नाही. माझा नवरा रात्री घरातच पट्टा घालून दारावर पहारा देत होता आणि सकाळी मला सांगत होता, "पित्त झालंय गं, झोप येत न्हाई." मी पित्ताची गोळी देत होते. गुण येत नव्हता. यात गोळीचा काही दोष नाही.

घडलं होतं एवढंच. महिन्यापूर्वी एका पहाटे तो मोटार चालू करायला गेला, तर पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बिबट्या बसलेला. त्याने सुदर्शनकडे पाहिलं, जांभई दिली आणि उसात निघून गेला. टपरीवर सुदर्शन हा किस्सा सांगतो तेव्हा शेवटी बिबट्या घाबरतो.

गावात आमचं दोन खोल्यांचं घर रिकामं आहे. तिकडे राहायला जाऊ, असं मी सुचवलं होतं. पण त्याआधी शेजारचा गोकुळ मळा सोडून गावात गेला, तेव्हा सुदर्शनने ग्रुपवर टाकलं होतं, 'गोकुळशेठने बंगला बिबट्याला भाड्याने दिला. डिपॉझिट दोन शेळ्या.' सगळं गाव आठवडाभर हसलं. आता तोच माणूस कोणत्या तोंडाने सामान बांधणार?

चांगदेव सर घोडेगावचे, निवृत्त कृषी अधिकारी. बिबट्यामुळे आमच्याकडे निम्म्या लोकांची झोप उडालीय असं कळल्यावर ते दर रविवारी सकाळी आमच्या बुद्धविहारात ध्यान शिकवायला येऊ लागले. श्वास आत येतो, बाहेर जातो. नाकपुडीपाशी लक्ष ठेवायचं. सुदर्शनने त्याचं नाव 'नाकपुडी क्लास' ठेवलं. आईला सोडायला यायचा आणि दारात उभा राहून हसायचा.

पहिल्या दिवशी सर म्हणाले, "भीती हा एक विचार आहे. आला की बघायचा, जाऊ द्यायचा."

"सर, इचार न्हाई, बिबट्या हाय," माझ्या सासूबाई, धोंडाबाई, बोलल्याच. "आन् त्यो नुसता जात न्हाई, शेळी घिऊन जातो."

सर मनापासून हसले. "आजी, बिबट्या आला तर घरात शिरून दार लावायचं, ध्यान नाही करायचं. पण तो गेल्यावरही आठवडाभर तुमच्या डोक्यात हिंडतो ना, तो विचार. आपल्या मानमोडीच्या लेण्यांत भिक्खू असेच बसायचे. बिबटे तेव्हाही असतील."

"म्हणून तर दगडात घर कोरलं त्यांनी. येडे व्हते व्हय?"

मी बसण्याआधी आणि नंतर स्वतःची नाडी मोजून पाहिली. नंतर थोडी कमी भरली. पण नुसतं भिंतीला टेकून बसलं तरी ती कमी होतेच, त्यामुळे यातून मी काही सिद्ध करत नाही. एवढं खरं की क्लासला येणारी सोनीबाई, जी डोळे मिटले की भजी दिसतात म्हणून तक्रार करायची, ती आता रात्री कडी एकदाच तपासते. आधी उठून उठून तपासायची.

मी ते ठिपके पाहिले त्यानंतरच्या रविवारी सासूबाईंनी सुदर्शनला फटकारलं. "दारात उभा ऱ्हाऊन उजेड अडवतो. बस, न्हाईतर जा."

चपलांशेजारी सगळ्यांचे पट्टे काढून ठेवलेले होते. सुदर्शनने आपला काढला नाही. जागा फक्त गोकुळशेजारी होती. तो तिथे बसला आणि माझ्याकडे बघून त्याने नाकपुड्या फेंदारल्या.

आम्ही डोळे मिटले. थोड्याच वेळात घोरणं सुरू झालं, चांगलं खोल आणि लयीत. आणि मग एकदम किंकाळी.

"आला! आला!"

सुदर्शन उभा होता, एक हात हनुवटीवर. सोनीबाई टेबलावर चढली. कुणीतरी झाडू उगारला. सासूबाईंनी शेजारणीला पुढे ढकललं. बिबट्या कुठेच नव्हता. हे लक्षात आल्यावर जे हसू फुटलं ते बराच वेळ थांबेना. सुदर्शनही हसला, सगळ्यांत मोठ्याने.

"खिळा टोचला राव. डुलकी लागली व्हती."

"लागू दे. चांगली झोप लागली होती तुम्हाला," सर म्हणाले. "आता उभेच आहात, तर जे आहे ते सांगा. बरं-वाईट म्हणू नका. फक्त आहे ते."

"काय सांगू? मस्त. एकदम शांत वाटलं."

"शांत माणूस एवढं वरडत न्हाई," सासूबाई म्हणाल्या.

पुन्हा हसू. पण या वेळी त्यात सुदर्शनचा आवाज नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. मी स्वतःच्या हनुवटीखाली बोट टेकवून तीन ठिपके दाखवले.

त्याला कळलं.

"छातीत धडधडतंय," तो खाली बघत म्हणाला. एखादी यादी वाचावी तसा. "हात गार पडल्यात. पाय थरथरत्यात. रोज रात्री असंच व्हतं. पित्त न्हाई ते."

हसणं थांबलं. सोनीबाई टेबलावरून उतरायची राहून गेली होती, ती तशीच उभी राहिली.

सुदर्शनने गळ्यातला पट्टा सोडवला. बक्कल त्याच्या बोटांना पटकन सापडेना. पट्टा निघाल्यावर गोकुळने हात लांब करून तो आपल्याजवळ घेतला आणि खिळे जमिनीकडे करून ठेवला.

"गोकुळ, तू हसू नको."

"हसत न्हाई. बोल तू."

"आई," सुदर्शन म्हणाला, "मला मळ्यात लई भ्या वाटतं. आपण गावातल्या घरात ऱ्हायला जाऊ."