त्रेचाळिसावं पान

"काकू, एकाही पुस्तकाला पयलं पान न्हाई बघा," सोनिया म्हणाली. "वाळवीनं खाल्लं म्हणत्यात."

रत्नाबाईंनी पुस्तक हातात घेतलं. वाळवी पान असं सरळ रेषेत खात नाही. ते ब्लेडनं कापलेलं होतं. त्यांनी पुस्तक चाळलं नाही, थेट त्रेचाळिसावं पान उघडलं. पानाच्या तळाला जांभळा गोल शिक्का होता, आणि शिक्क्यात त्यांच्याच अक्षरातला दाखल क्रमांक.

दुसरं पुस्तक. तिसरं. अकराच्या अकरा निघाली.

सोळा वर्षं त्यांनी ज्या गोष्टीची वाट पाहिली होती, ती अशी पेटीत बसून आपल्या पायांनी वाचनालयात आली होती. आनंद झाला का? झाला. त्यांनी तो लपवलाही नाही. पदरानं तोंड पुसलं आणि सोनियाला म्हणाल्या, "पेटी बंद कर. गुरुवारपातुर कुणाला दावायची न्हाई."

गुरुवारी वाचनालयाचे अध्यक्ष मानसिंगअण्णा पंचाहत्तर वर्षांचे होणार होते. त्या निमित्तानं घरचा 'वाडवडिलांचा ग्रंथसंग्रह' ते वाचनालयाला भेट देणार होते आणि दालनाला नाव त्यांचंच लागणार होतं. पुस्तकांची नोंद करायला नवी ग्रंथपाल सोनिया एकटी पुरी पडेना, म्हणून तिनं जुन्या ग्रंथपालांना बोलावलं. अण्णांना हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर त्यांनी पेटी पाठवलीच नसती.

भोरहून हिर्डोशीकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या या गावात रत्नाबाई वेल्ह्याहून लग्न करून आल्या आणि बावीस वर्षं त्यांनी हे वाचनालय सांभाळलं. मानधन ते काय, नावाला. त्यातूनही दर महिन्याला एक पुस्तक स्वतः विकत आणायच्या. रविवारी दोन पिशव्या खांद्याला अडकवून डोंगरातल्या वाड्यांवर चालत जायच्या, पोरींना पुस्तकं द्यायच्या, आधीची परत आणायच्या. नाचणीच्या खळ्यावर बसून पुस्तक निवडणाऱ्या त्या पोरींतल्या दोघी आज मास्तरणी आहेत.

मग दोन हजार नऊच्या तपासणीत संस्थानच्या काळातली, सोनेरी अक्षरांची अकरा पुस्तकं सापडली नाहीत. त्याच महिन्यात अण्णांच्या नव्या बंगल्यात काचेचं कपाट आलं होतं. रत्नाबाई विचारायला गेल्या. दारातून त्यांना कपाट दिसलं, पुस्तकंही दिसली, आणि अण्णांनी दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी अण्णांच्याच अध्यक्षतेखाली समिती बसली. 'माझ्या हलगर्जीपणामुळे ग्रंथ गहाळ झाले' असा माफीनामा त्यांच्याकडून लिहून घेतला, महिनाभर फलकावर लावला आणि नोकरी काढून घेतली.

ग्रंथपालांची एक जुनी रीत असते. शिक्का पहिल्या पानावर मारायचा आणि आणखी एका आतल्या पानावर, ज्याचा आकडा फक्त ग्रंथपालाला माहीत. रत्नाबाईंनी कामावर आल्यावर संस्थानच्या काळातल्या पुस्तकांनाही तो नव्यानं मारला होता. रत्नाबाईंनी तो आकडा समितीला सांगितला नाही. सांगितला असता तर संध्याकाळपर्यंत तेही पान ब्लेडखाली गेलं असतं.

आकडा त्यांनी नवऱ्यालाही सांगितला नाही. गोरख एसटीत कंडक्टर होते. हिर्डोशीच्या मुक्कामी गाडीत झोप येईपर्यंत वाचत बसायचे. माफीनामा लागला त्या दिवशी जेवताना त्यांनी विचारलं, "खरं सांग. तू इकली तर न्हाईस ना?" रत्नाबाईंनी घास गिळला आणि उठल्या. जो असं विचारतो त्याला पुरावा कशाला द्यायचा? त्यानंतर गोरखनी पुस्तकाला हात लावला नाही. वाचनालयाच्या नाही, घरातल्याही नाही. सहा वर्षांपूर्वी ते गेले.

गुरुवारी मांडव भरला. अण्णांनी भाषणात वाडवडिलांना तीनदा आणलं. मग सोनियानं ठरल्याप्रमाणे 'माजी ग्रंथपाल दोन शब्द बोलतील' असं जाहीर केलं. अण्णांचा मुलगा इंद्रजित चपापला, पण लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

रत्नाबाई दोन शब्द बोलल्याच नाहीत. त्यांनी एक पुस्तक उघडून अण्णांच्या हातात दिलं. "अण्णा, एवढं जपलंय तुमी. तुमच्या तोंडनं एक पान ऐकूद्या गावाला."

अण्णांनी चष्मा लावला. पान पाहिलं आणि उलटलं.

"त्ये न्हाई. मागचं."

अण्णांनी चष्मा काढून पुसला.

"चष्मा लागंना व्हय? द्या हिकडं, मी वाचते." रत्नाबाईंनी पुस्तक काढून घेतलं आणि माइकसमोर सावकाश वाचलं, "सार्वजनिक वाचनालय. दाखल क्रमांक चारशे बारा." मग दुसरं उचललं. "दाखल क्रमांक चारशे एकोणीस." तिसऱ्या पुस्तकाला लोकांना उलगडा झाला. भोरहून आलेले पाहुणे मोबाईलमध्ये बघू लागले.

इंद्रजित जवळ आला. "काकू, बास की आता. वय झालंय त्यांचं."

"तुज्या बानं माजा माफीनामा महिनाभर लावला व्हता. मला अकरा पुस्तकं वाचूदे."

अकरावं पुस्तक होईपर्यंत कुणी उठलं नाही. अण्णा हळूच म्हणाले, "रत्ना, घरी येऊन मागितली असतीस तर दिली असती."

"आले व्हते. दारातनं लावून दिलंत." आणि मग त्यांना राहवलं नाही. "सोळा वर्सं घरात व्हती, अण्णा. एक जरी वाचलं असतं, तरी त्रेचाळिसाव्या पानापातुर पोचला असता."

मागच्या रांगेत बायका हसल्या. ते हसू अण्णांना सगळ्यात जास्त लागलं, हे रत्नाबाईंनी पाहिलं आणि पोटभर पाहिलं. दालनाच्या पाटीवरचा कपडा तसाच राहिला.

मांडव रिकामा झाल्यावर त्या आत गेल्या. जुन्या दाखल वहीत अकरा ओळींपुढं 'गहाळ' लिहिलेलं होतं. लाल शाईनं त्यांनी ते एकेक खोडलं. मग पेटीतलं एक प्रवासवर्णन उचललं. त्यात अठ्ठाविसाव्या पानाशी एसटीचं एक पिवळट तिकीट होतं. वाचनालयात बसून हेच पुस्तक गोरख थोडंथोडं वाचत होते, आणि मग पुस्तकच गेलं होतं.

"ह्ये काकांच्या कार्डावर टाक," त्या म्हणाल्या.

"काकू, काका तर…"

"कार्ड रद्द न्हाई केलेलं. शिक्का मार."

सोनियानं तारखेचा शिक्का मारला.

घरी येऊन रत्नाबाईंनी दिवा लावला. गोरखच्या फोटोखालच्या फळीवर पुस्तक ठेवलं आणि उघडलं. अठ्ठाविसाव्या पानातलं तिकीट काढून त्रेचाळिसाव्या पानात घातलं. शिक्का फोटोकडं येईल असं पुस्तक फिरवलं.

"वाचा आता," त्या म्हणाल्या, आणि एकटीपुरत्या भाकरीचं पीठ मळायला आत गेल्या.