घर: स्वतःचं की भाड्याचं

भिंगरीने फॉर्म भरला तेव्हा तिला जराही भीती वाटली नव्हती. भीती वाटायला लागली ती ड्रिल सुरू झाल्यावर.

त्यांच्या दोन खोल्यांत भिंतीला एकही खिळा नव्हता. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या मालक आजोबांची ती पहिल्या दिवसापासूनची अट. त्यामुळे घड्याळ फ्रिजवर पाठ टेकून उभं, आरसा खुर्चीत बसलेला, आणि वेणी घालायची तर त्याच्यासमोर उकिडवं बसायचं. पाहुणे आले की आधी आरशाला उठवायचं, मग त्यांना बसवायचं.

आईला नवं काम मिळालं होतं. घरी बसून एका दवाखान्याचे फोन घ्यायचे, पेशंटना वेळा द्यायच्या. कापडाच्या दुकानात दिवसभर उभं राहून संध्याकाळी टम्म फुगणाऱ्या तिच्या पायांना आता सुट्टी. फक्त सोमवारी कामावर रुजू व्हायच्या आत घरी पक्कं इंटरनेट हवं; मोबाइलचं चालणार नाही, असं त्यांनी बजावलं होतं. आज आईचा दुकानातला शेवटचा दिवस होता.

इंटरनेट कंपनीच्या ॲपने फॉर्म भरताना विचारलं होतं, घर स्वतःचं की भाड्याचं? भाड्याचं म्हटलं की मालकाचं संमतीपत्र आणा, दुप्पट डिपॉझिट भरा, जोडणीचे वेगळे द्या. स्वतःचं म्हटलं की जोडणी फुकट. भिंगरीने 'स्वतःचं'वर बोट ठेवलं आणि आईच्या नावापुढे ऐटीत 'घरमालक' उमटलं. कोण बघायला येतंय?

"भोक पाडावं लागेल, ताई," वायरवाला दादा म्हणाला. "चौकटीतून वायर जात नाही."

"छोटंसंच ना?"

"करंगळी जाईल एवढं. घर तुमचंच आहे ना?"

"हो मग," भिंगरी म्हणाली. शब्द लोण्यासारखा सहज निसटला.

भोक छोटंच होतं, पण आवाज अख्ख्या इमारतीएवढा. भिंत थरथरली, रंगाचे पोपडे गळाले, आणि खालचा टीव्ही एकदम गप्प झाला. मग जिन्यावर चपला वाजायला लागल्या. सावकाश, एकेका पायरीला टेकत.

"दादा, जरा थांबवा ना."

"अर्ध्यात कसं थांबवू? वायर काय हवेत सोडू?"

मालक आजोबा दारात उभे होते. इस्त्रीचा शर्ट, चष्मा कपाळावर. "हे कुणाला विचारून चाललंय?"

दादाने निरागसपणे मोबाइल पुढे केला. "मालकीणबाईंचा अर्ज आहे ना, काका. हे बघा, घरमालक. तुम्ही शेजारचे का?"

आजोबांनी चष्मा खाली ओढला. वाचलं. पुन्हा वाचलं. भिंगरी भोकावरून बोलणी खायच्या तयारीत उभी होती, पण त्यांनी भोकाकडे बघितलंसुद्धा नाही.

"असं बिल येणार? या पत्त्यावर, दर महिन्याला?"

"येणारच की."

"आई आली की खाली पाठव," एवढंच म्हणून ते भिंतीचा आधार घेत उतरले.

दादा गेला. राउटरवर हिरवा दिवा लागला, पण भिंगरीच्याने काही उघडवेना. तिच्या डोळ्यांपुढे टेम्पो उभा राहिला होता, त्यात फ्रिज, आणि आरसा मांडीवर घेऊन बसलेली आई. वायरवाल्याने चुकून पाडलं म्हणावं का? पण 'स्वतःचं'वर बोट कुणी ठेवलं?

आई आली ती निरोपाचं गिफ्ट हातात घेऊन, हसतच. भिंगरीने एका दमात सगळं सांगून टाकलं. आई पलंगावर बसली.

"दुकानात परत घेतील का गं?" भिंगरीने विचारलं.

"माझ्या जागी मुलगी आली पण. मीच शिकवलं तिला, आठवडाभर." आई उठली. "चल. तूही चल."

आजोबांनी त्यांना बसायला सांगितलं नाही. "माझ्या धाकट्या भावाचं घर असंच अडकलं," ते म्हणाले. "भाडेकरूने आधी स्वतःच्या नावाचं एक बिल दाखवलं, मग दुसरं, मग म्हणे घर आमचंच. भाऊ अजून कोर्टाच्या तारखा घेतोय. भोक बुजवता येतं हो. हे कसं बुजवू?"

बोलताना त्यांनी दाराची कडी दोनदा चाचपून पाहिली. भिंगरीला कळलं, आपण वर घाबरत होतो तेव्हा हे खाली एकटेच घाबरत बसले होते. त्यामुळे तिची भीती कमी झाली नाही, उलट दुप्पट झाली. घाबरलेला माणूस काहीही करेल.

"मी केलं, आजोबा. आईला माहीत नव्हतं." तिने ॲप उघडलं. 'भाड्याचं' निवडलं तर संमतीपत्र मिळेपर्यंत जोडणी बंद, अशी सूचना आली. तिने आईकडे पाहिलं.

"दाब," आई म्हणाली.

तिने दाबलं. "आता तुमचं पत्र लागेल, आजोबा. नाहीतर सोमवारी आईचं काम गेलं."

"पत्र नाही देणार. सही केलेला कागद पुढे कुठे फिरेल, कुणी सांगावं?" त्यांनी भिंगरीच्या हातातला मोबाइल घेऊन सूचना वाचली. "जोडणी माझ्या नावावर करा. डिपॉझिट, बिल, सगळं तुम्ही भरा. सुरू करताना लागणारा कोड माझ्याच फोनवर येईल."

"आणि उद्या तुम्हाला आमचा राग आला तर, काका?" आईने विचारलं.

"तर बंद करीन."

आईने होकारार्थी मान हलवली. दुसरं करणार काय?

रविवारी नाव बदललं. सोमवारी आई हेडफोन लावून बसली, कामाची वेळ झाली, आणि स्क्रीनवर कोडची चौकट आली. भिंगरी दोन-दोन पायऱ्या उड्या मारत खाली गेली. दार वाजवलं. आत टीव्ही चालू होता. पुन्हा वाजवलं.

"कोण?"

"मी, आजोबा. कोड हवाय. आईचं सुरू व्हायचंय."

दार उघडलं नाही. बऱ्याच वेळाने आतून आकडे यायला लागले, सावकाश, एकेक. भिंगरी तिथूनच ते वर ओरडून सांगत होती. शेवटच्या आकड्याआधी आजोबा थांबले. ती दाराला कान लावून उभी राहिली.

"बिल माझ्या नावानेच येणार ना?"

"हो, आजोबा. तुमच्याच."

"नक्की?"

"नक्की."

"सात," ते म्हणाले, आणि आतून आणखी एक कडी सरकवल्याचा आवाज आला.