चंदनच्या गाडीतला पार्ट

दसरा तोंडावर आला आणि सहदेवची पिकअप दगा देऊ लागली. चांदूर बाजारकडच्या त्यांच्या शेतात झेंडू फुलून आला होता. रोज पहाटे तोडायचा आणि ऊन चढायच्या आत अमरावतीच्या बाजारात टाकायचा, असा शिरस्ता. पण गाडी निम्म्या वाटेतच तापायची. बॉनेटमधून वाफ निघायची, गोडसर वास सुटायचा आणि खाली रस्त्यावर हिरव्या कूलंटचे थेंब पडत जायचे.

अमरावतीचा मेकॅनिक धम्मदीप यानं बॅटरीचा उजेड मारून पाहिलं. इंजिनातलं गरम पाणी ज्यातून रेडिएटरकडं जातं, ती थर्मोस्टॅटची हाउसिंग तडकली होती. त्यानं एकदा वेल्डिंग करून दिलं. चार खेपा निघाल्या आणि तडा पुन्हा उघडला.

"आता हे बदलावंच लागन," तो म्हणाला. "नवी म्हणाल तर दिवाळीच्या आधी येत नाई. तुमची गाडी जुनी. अकोल्याले भंगारवाल्यायकडं पाहा, अशाच गाडीची भेटून जाईन. नाईतर एखाद्या दिवशी हेड उडन अन् इंजिनच बसन."

फुलं काही दिवाळीपर्यंत थांबणार नव्हती. सहदेव निघाला तशी त्याची बायको साधनाही त्याच्यासोबत अकोल्याच्या एसटीत बसली. एकट्याला धाडलं की माणूस मिळेल ते उचलून आणतो, असा तिचा अनुभव.

दुपारपर्यंत त्यांनी बरीच गोदामं पालथी घातली. कुठं मॉडेल वेगळं, कुठं आधीच कोणी काढून नेलेलं. शेवटच्या यार्डाचा मालक म्हणाला, "हाय एक. मागच्या बाजूले उभी हाय. साइडनं पुरी दबली, पर इंजिन एकदम ठीक."

सहदेव पुढं होता. पत्र्यांच्या ढिगाला वळसा घालून तो गेला आणि जागीच थांबला. मग झटकन मागं फिरला.

"चाल साधना, आपल्या कामाची नाई."

"पायली तरी का तुमी?"

"नाई म्हनलं ना. चाल."

त्याचा चेहरा पाहून ती त्याला ओलांडून गेलीच.

गाडीची ड्रायव्हरकडची बाजू आत गेली होती. दुसरं दार मात्र शाबूत होतं आणि त्यावर पिवळ्या रंगात झेंडूचं फूल काढलेलं होतं, एका बाजूला कललेलं, पाकळ्या लहानमोठ्या. तिच्या धाकट्या भावानं, चंदननं, ते स्वतः रंगवलं होतं. तेव्हा ती त्याला हसली होती, "हे फूल हाय का भजं?" सहदेवनं आणि चंदननं एकाच वेळी सारख्या गाड्या घेतल्या होत्या.

उन्हाळ्यात मूर्तिजापूरच्या पुढं एका उभ्या ट्रकवर गाडी आदळून चंदन गेला. साधनानं त्याला पाहिलं ते घरी आणल्यावर, पांढऱ्या कापडात. गाडी तिनं पाहिलीच नव्हती. मोनालीनं, त्याच्या बायकोनं, ती परस्पर विकून टाकली, याचा तिला रागही आला होता.

"काढू का?" मालकानं विचारलं. त्याला काय ठाऊक.

"नाई," सहदेव म्हणाला. "आमी दुसरीकडं पायतो."

"दुसरीकडं कुठं?" साधना म्हणाली. तिचा हात त्या फुलावर होता. "काढा, भाऊ."

"साधना, इचार कर."

"त्याचं काईतरी चालू राहू द्या ना वो. इथं पडून तरी काय होऊन राहिलं?"

कामगारानं बोल्ट सैल केले. हाउसिंग सुटली तसं आतलं साचलेलं कूलंट भळकन बाहेर आलं आणि मातीत पसरलं, हिरवंगार. त्या दिवसापासून ते तसंच आत होतं. साधनाला उभं राहवेना. ती बाजूच्या एका टायरवर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. सहदेव तिच्याजवळ नुसता उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी धम्मदीपनं हाउसिंग घासून साफ केली, नवं गॅस्केट टाकून बसवली, कूलंट भरलं. गाडी बराच वेळ चालू ठेवली. एक थेंब गळला नाही.

चंदन गेल्यापासून मोनालीचे फुलांचे क्रेट सहदेवच्याच गाडीत जात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती स्वतः बाजाराला निघाली. तिघं समोर बसली, साधना मध्ये. अर्धा रस्ता सरला तरी तापमानाचा काटा जागचा हलला नव्हता.

"गाडी मस्त चालून राहिली आता," मोनाली म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती आपणहून बोलली होती. "कुठं भेटला पार्ट?"

"अकोल्याले," सहदेव घाईनं म्हणाला आणि साधनाकडं न पाहता गिअर बदलला.

तेवढ्यावर भागलं असतं. पण साधनाला ते लपवून ठेववेना.

"चंदनच्या गाडीचा हाय तो," ती म्हणाली.

मोनालीनं दाराच्या कडीला हात घातला. मग म्हणाली, "भाऊजी, गाडी थांबवा."

"अवं मोनाली..."

"थांबवा म्हनलं."

ती खाली उतरली. गाडीचा मागचा फळका तिनं स्वतः पाडला आणि आपले क्रेट ओढू लागली. साधना मदतीला धावली, तर तिनं तिचा हात बाजूला सारला.

"ते गाडी मी काहून इकली, ताई? दारात दिसू नये म्हणून. रात्री डोळा लागत नोयता माहा. अन् तुमी तिचा तुकडा काढून आणला, मले त्याच्या मांगं बसवलं."

"मले वाटलं, त्याचं काई तरी..."

"तुमाले वाटलं. मले एक फोन करून इचारलं का?"

मोनालीनं मागून येणाऱ्या देवमनच्या मालवाहू ऑटोला हात केला, क्रेट चढवले आणि गेली. सहदेवनं फळका लावला. बाजारात त्या दिवशी झेंडूवर झुंबड होती, फुलं हातोहात गेली. साधना तोलून देत राहिली.

दिवाळी झाल्यावर नवी हाउसिंग आली. कोणी सांगायच्या आधीच सहदेवनं ती बसवून घेतली. साधना मोनालीच्या घरी गेली. मोनालीनं पाट दिला, चहा ठेवला.

"बदलला तो पार्ट," साधना म्हणाली. "आता तुही फुलं आमच्या गाडीत देत जा."

"बरं केलं," मोनाली म्हणाली. चहाचा कप तिनं साधनापुढं सरकवला. "पर माहा माल आता देवमनच्या ऑटोत जाते, ताई. राहू द्या तसंच."