रखवालदाराचं वाक्य

"आवाज? तुम्हा झाडूवाल्या बायकांसाठी?" यंत्रखोलीच्या झरोक्यातून डोके काढून सिरिल हसला. "हा सिनेमा लोकांसाठी नाही बाई, कायद्यासाठी लावतात. देशी बनावटीचे ठरावीक सिनेमे दाखवलेच पाहिजेत, म्हणून सकाळी, रिकाम्या थेटरात. आवाज नको म्हणून मॅनेजरची सक्त ताकीद आहे."

"आज शेवटचा दिवस ना?" एथेल ट्रजिलने विचारले.

"सुटलो एकदाचे!"

"आमचा बर्ट आहे त्यात."

आठवडाभर तिने हे कोणाला सांगितले नव्हते. तिच्या नवऱ्याने, बर्टने, तीस वर्षे गावोगावच्या नाटकांत पडेल ती कामे केली. शरद ऋतूत नदीकाठच्या एका शेडमध्ये हा खुनाचा सिनेमा घाईघाईने उरकला, त्यात त्याला बँकेच्या रखवालदाराचे काम मिळाले. वाक्य एकच. ते तो चहा पिताना, बूट घालताना इतक्यांदा म्हणायचा, की एथेल वैतागायची. जानेवारीत छातीच्या दुखण्याने तो गेला. सिनेमा लागला एप्रिलमध्ये.

सिरिलने डोके आत घेतले. झरोका बंद झाला. एथेलने झाडू उचलला.

"मरतो का गं यात?" शेजारची रांग झाडणाऱ्या पर्लने विचारले.

"लगेच."

"मग बरंय की. त्याला काम कमी!"

एथेललाही हसू आले.

पडद्यावर धुके, काळी मोटार, बँकेचा दरवाजा. आणि एकदम खरखर सुरू झाली. मोटारीचा आवाज रिकाम्या खुर्च्यांवरून घुमला. पर्लचा झाडू थांबला.

स्टुलावर बर्ट बसला होता, हातात चहाचा मग. मागून कोणीतरी आत आले. मान वर न करता तो म्हणाला, "दार लाव रे बाबा, वारा आत येतोय."

डोक्यात दांडका बसला. बर्ट कोसळला.

"छान पडला गं," पर्ल हळूच म्हणाली.

"तीस वर्षांची सवय."

वरच्या कचेरीतून मॅनेजर ओरडला, "सिरिल!" आवाज बंद झाला. पडद्यावर पोलीस मुक्यानेच धावू लागले.

एथेलने झाडू खुर्चीला टेकवला. झाडताना बाजूचे दार उघडे ठेवायचा नियम होता. तिथून गार वारा येत होता. तिने जाऊन ते लावले.

"अगं, धूळ कोंडेल ना आत!"

"कोंडू दे जरा," एथेल म्हणाली, आणि तिने पुढची रांग झाडायला घेतली.