राहता पत्ता

रविवारी सकाळी समीक्षाला ब्रिटनमधल्या विद्यापीठात प्रवेश मिळाल्याचं कळलं आणि कामोठ्याच्या गावठाणातल्या त्या घरात कुणाचा पाय जमिनीवर ठरेना. आप्पा गावभर पेढे वाटून आले. भेटेल त्याला सांगत होते, "नात चालली लंडनला!"

"आप्पा, विद्यापीठ लंडनमध्ये नाही," माधुरीने लेकीच्या वतीने पुन्हा सांगून पाहिलं.

"लंडन काय नि त्याच्या बाजूचं काय, पेढा तोच."

माधुरी हसली. चारचौघांत मात्र ती 'आम्ही कामोठ्याला, सेक्टरमध्ये' असंच सांगायची, म्हणजे गावाभोवती वसलेल्या नव्या शहरात. गावठाण हा शब्द आणि आप्पांची बोली तिने शाळेतच मागे टाकली होती.

समीक्षाचा जन्म तिकडचा, पासपोर्टही तिकडचा. नवरा बोटीवर, म्हणून ती लहान असतानाच माधुरी तिला घेऊन माहेरी परतली होती. पासपोर्ट आहे म्हणजे तिथल्या मुलांइतकीच कमी फी लागणार, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. विद्यापीठाने मात्र प्रवेशाच्या पत्रातच विचारलं, मुलगी गेली तीन वर्षं राहते कुठे? कमी फी तिथे राहणाऱ्यांसाठी होती, नुसता पासपोर्ट पुरत नव्हता. आणि बाहेरून येणाऱ्यांची फी यांच्या आवाक्यातली नव्हती.

माधुरीच्या तिकडेच स्थायिक झालेल्या भावाने, निकेशने, फोनवर लगेच तोड काढली. "माझा पत्ता दे ना ताई. माझ्याकडे राहते म्हणून मी लिहून देतो. आपल्याकडे नाही का नावं लावत?"

माधुरीला ते पटलं. पेढ्यांचा पुडा बांधणारे आप्पा थांबले.

"लावतात, माहीत हाय मला. गावाची जमीन सरकारनं घेतली, बदल्यात घरं मिळणार कळलं तवा पावणे धावले. एक रात इथं झोपले नाय, पण गावकरी म्हणून त्यांची नावं लागली. आपली हौसा जन्मभर मिठागरात राबली. तिची पाळी आली तवा घरं संपली."

हौसा तेव्हापासून त्यांच्याच परसातल्या खोलीत राहत होती.

"तिथे कुणाचं घर जातंय, आप्पा? परदेशातलं तुम्हाला काय कळतं?"

"परदेश नाय कळत. रांग कळते," आप्पा म्हणाले आणि समीक्षाकडे वळले. "तिथं बोंबील मिळतात का गं?"

दुसऱ्या दिवशी पहाटे ते झोपेतच गेले.

तेराव्यानंतर विद्यापीठाचा व्हिडिओ कॉल आला. काय बोलायचं ते निकेशने पढवून ठेवलं होतं. पडद्यावरच्या बाईंनी माधुरीला विचारलं, "मुलीचं नेहमीचं घर कोणतं?"

खिडकीतून परस दिसत होतं. हौसा आप्पांची लुंगी घडी करत बसली होती. सुतक संपलं तरी तिने ती कुणाच्या हाती दिली नव्हती.

"इथलंच," माधुरी म्हणाली. "माझ्या वडिलांचं."

समीक्षाने डोळे मिटून घेतले. बाई म्हणाल्या, मग फी पूर्ण लागेल. पण पासपोर्ट ब्रिटनचा आहे, तिथे राहायला आडकाठी नाही. ती खरोखर तिथे जाऊन राहिली, काम केलं, तर तीन वर्षांनी कमी फीसाठी पुन्हा अर्ज करता येईल.

समीक्षा खुर्चीवरून उठलीच! तिने लगेच मामाला फोन लावला. "मामा, खोली रिकामी कर, मी येतेय. नुसतं नाव लावायला नाही, राहायला. नोकरी करीन, भाडं देईन."

"भाडं राहू दे. भांडी घासशील का?"

आप्पा गेल्यापासून घरात प्रथमच कुणी मोठ्याने हसलं.

वाचकहो, कुणाच्या तरी पत्त्यावर आपलं नाव लावताना आपण म्हणतो, यात कुणाचं काय गेलं? ज्याचं जातं तो आपल्याला दिसत नाही, एवढंच. माधुरीला तो परसात दिसला. सवलत ज्याच्यासाठी आहे, त्याच्यासाठीच सोडावी. हवी असेल तर त्याच्यासारखं राहून मिळवावी.

संध्याकाळी ती पेढे आणायला गेली. दुकानदार नवीन होता. "घरपोच पाठवू का ताई? सेक्टर कुठला?"

"सेक्टर नाय," माधुरी म्हणाली. आवाज तिचा तिलाच वेगळा वाटला, तरी तिने तो खाली आणला नाही. "आमी गावठाणातली. आप्पांची पोर हाय मी."