तुलनेचं गाव

धामणटेकमध्ये सुवर्णाच्या चुलीवरचं दूध तिसऱ्या वर्षीही उतू गेलं नाही. ते माझ्या प्रबंधासाठी थांबलं होतं.

पातेल्याच्या काठापर्यंत साय फुगून आलेली, मधोमध एक बुडबुडा फुटायच्या बेतात. सुरुवातीला सुवर्णा सांडशी घेऊन चुलीपाशी बसून असायची. पुढे तिची खात्री पटली आणि ती सांडशी ओट्यावर टाकून शेजारी गप्पा मारायला जाऊ लागली. तिला नववा महिना होता. तोही तिसऱ्या वर्षी नववाच होता.

"बाई, पोटातल्या लेकराची शाळेत जायची येळ झाली," ती मला म्हणायची. "तुमचं पुस्तक कवा व्हायचं?"

"दुरुस्त्या चालू आहेत," मी सांगायचे.

माझ्या एमडीच्या प्रबंधाचा विषय साधा होता. लोखंडी कढईत स्वयंपाक केला तर बायकांचं रक्त वाढतं का? त्यासाठी दोन गावं घेतली. रुईतळला घरोघर कढया वाटायच्या आणि धामणटेकला काहीच द्यायचं नाही. धामणटेक हे तुलनेचं गाव. तुलनेच्या गावाने फक्त आहे तसं राहायचं असतं, म्हणजे कढईने किती फरक पडला ते कळतं. धामणटेक माझ्या गाइडनी सुचवलं, डॉ. गुणवंत साळुंके सरांनी. सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या आराखड्यात, एक वाक्यही त्यांनीच सांगून लिहून घेतलं : अभ्यास पूर्ण होईपर्यंत तुलनेच्या गावात कोणताही बदल होणार नाही. एथिक्स कमिटीपुढे मी ते वाचून दाखवलं. कमिटीने समासाबद्दल एक प्रश्न विचारला, चहा घेतला आणि शिक्का मारला. त्या दुपारपासून धामणटेक थांबलं.

रुईतळमध्ये व्हायचं ते सगळं झालं. कढया पोचल्या, कोणाची मोठी आणि कोणाची लहान यावरून भांडणं झाली, काही कढया लेकींबरोबर सासरी गेल्या, एकीत तुळस लागली. तरीही बायकांचं रक्त वाढलं. धामणटेकमध्ये मी ज्या बाईच्या बोटाला टोचलं तिचं बोट मी सुई खाली ठेवेपर्यंत पूर्ववत झालेलं असायचं, आणि हिमोग्लोबिन दशांशापर्यंत मागच्या वेळेइतकंच यायचं. संख्याशास्त्राच्या मॅडमनी माझे आकडे पाहिले आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

"इतकं स्थिर गाव मी आयुष्यात पाहिलं नाही," त्या म्हणाल्या. "राहायला कसं आहे?"

गावाची फारशी तक्रार नव्हती. विजेचं मीटर फिरत नव्हतं. डब्यातलं तेल संपत नव्हतं. चौथीतली मुलं चौथीतच होती, आणि गुरुजींना तेवढंच शिकवता येत असल्यामुळे तेही समाधानी होते. बोलायला, हसायला, कोणाचा राग धरायला मुभा होती. गाव सोडता मात्र येत नव्हतं, कारण मध्येच कोणी निघून गेलं की नमुना कमी पडतो. वेशीवरच्या चिंचेपर्यंत गेलं की रस्ता माणसाला वळवून परत आणायचा, आणि लोक पाणी पिऊन पुन्हा कामाला लागायचे.

अवघडलेली होती ती एकटी सुवर्णा.

अभ्यासातून कोणालाही, कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं. संमतीपत्रात तसं लिहिलेलं असतं आणि प्रत्येक भेटीत मी ते वाचून दाखवत असे; अजून कोणी पडलं नव्हतं. पण गरोदर बायका माझ्या अभ्यासातून वगळलेल्या होत्या. सुवर्णाने संमती दिलीच नव्हती, त्यामुळे तिला ती मागे घेता येत नव्हती.

"म्हंजी मी तुमच्यात न्हाई, तरी अडकलेली मीच?" तिने विचारलं.

"नियम तसा आहे."

"कोनी केला ओ त्यो? बाप्यानंच केला असंल."

मी सरांकडे दुरुस्त्या घेऊन जायचे. सर शांत, मृदू बोलणारे. तिसऱ्या प्रकरणातला एक परिच्छेद ते काढायला लावत, पुढच्या भेटीत त्याची उणीव त्यांना जाणवे, आणि तो परत आला की जागा चुकलेली असे. माझ्याबरोबरचे सगळे एमडी होऊन गेले. त्यांच्या मागचेही गेले. वसतिगृहातली माझी खोली दर आठवड्याला थोडी लहान होत होती. आधी टेबल बाहेर ठेवावं लागलं, मग खुर्ची. एके दिवशी दार उघडलं तर आत फक्त माझ्या उशीपुरती जागा उरली होती आणि त्या उशीवर नव्या मुलीने डोकं ठेवलेलं होतं.

"सर, आता सही मिळाली तर बरं होईल," मी म्हणाले.

"उंबरकर, घाईने विज्ञान होत नाही," सर म्हणाले. "तुम्ही धामणटेकलाच का राहत नाही? शांत गाव आहे. तिथं बसून दुरुस्त्या करा."

मी बाडबिस्तरा घेऊन गेले. सुवर्णाच्या शेजारच्या घरात गयामाय होत्या. त्यांनी मला ओसरी दिली. गयामाय गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या. खाटेवर पडून असत आणि श्वास उथळ चाले. गाव थांबलं त्या दुपारी त्यांना गंगाजळ पाजायला शेजारीपाजारी जमले होते. चमचा ओठाला लागला आणि तिथून पुढे काही झालं नाही. लोक थोडा वेळ थांबले आणि आपापल्या घरी गेले.

अभ्यासात भाग घेणाऱ्यांच्या वयाची वरची मर्यादा सिनॉप्सिसमध्ये मी साठ लिहिली होती. ती सरांनी स्वतःच्या हाताने खोडली होती. का, ते मला रविवारी कळलं. सर मोसंब्यांची पिशवी घेऊन आले, चपला दाराशी काढल्या आणि आपल्या आईच्या खाटेच्या कडेला बसले.

"माय, कशी हायेस?" सरांची ही भाषा मी तोवर कधी ऐकली नव्हती.

"तशीच हाय की रं. मागल्या आइतवारी हुती तशी." गयामायनी माझ्याकडे पाहिलं. "ह्या बग कढईवाल्या बाई, माझ्याच ओसरीवर ऱ्हात्यात. उलथनं सोडून नखानं पोळी उलटत्यात."

सरांनी मला पाहिलं आणि ते जरासे उठल्यासारखे झाले. मग पुन्हा बसले. "चौथं प्रकरण झालं का?" त्यांनी विचारलं.

झालं नव्हतं, कारण ते होत नव्हतं. मी ओसरीवर बसून दुपारभर चुका काढायचे, आणि संध्याकाळी कागद हातात घेतले की चुका आपापल्या जागी परत आलेल्या असायच्या. माझी नखंही वाढेनाशी झाली. मी चिंचेपर्यंत चालत गेले, तर रस्त्याने मला वळवून गयामायच्या ओसरीवर आणून सोडलं. सुवर्णा दाराआतल्या खाटेशी त्यांच्याकडून पायाला तेल लावून घेत बसली होती. बसूनच तिने माझ्याकडे पाहिलं.

"आलात का? पानी प्या."

"मी संशोधक आहे," मी म्हणाले. "मी नमुन्यात नाही."

"संमती दिली हुती का?"

मी दिली नव्हती. संशोधकाकडून कोणी घेत नाही.

"मग बसा हितं माझ्याजवळ," सुवर्णा म्हणाली, आणि तिने पोटाखालून एक हात काढून मला पाटावर जागा करून दिली.

गयामाय खाटेवर पडल्या पडल्याच तेल लावत होत्या. वाटीतलं तेल कमी होत नव्हतं. त्यांच्या हाताखाली सुवर्णाचा पाय सुजलेला होता तो सुजलेलाच राहत होता, तरी त्या रोज लावत. मी सवयीने संमतीपत्र काढलं आणि वाचून दाखवलं. भेटीचा दिवस होता म्हणून वाचलं. सहभागी व्यक्ती कोणत्याही क्षणी, कारण न देता, बाहेर पडू शकते.

गयामायचा हात थांबला. "हे रोजचंच हाय का?"

"प्रत्येक भेटीत वाचते."

"मी कानानं कमी हाय गं. आज नीट आलं. म्हंजी म्या न्हाई म्हनलं तर?"

"तर तुम्ही अभ्यासाबाहेर. तुमच्यापुरतं सगळं पुन्हा चालू होईल."

"फकस्त माझ्यापुरतं?"

"हो."

"आन् हिचं?"

"तिचं सरांची सही झाल्यावर. सगळ्या गावाचं एकदम."

गयामायनी खाटेखालच्या कपड्याला हात पुसले. मग त्यांनी सुवर्णाच्या पोटाकडे पाहिलं. आतून एक लाथ आली. पोटावरचं लुगडं हललं आणि परत जागेवर बसलं.

"अंगठा तयार ठेव," त्या मला म्हणाल्या. त्यांना शाईचं पॅड म्हणायचंय हे मला कळलं.

पुढच्या रविवारी सर आले तेव्हा प्रबंध खाटेवर होता, शाईचं पॅड त्याच्या शेजारी, आणि गयामायचा अंगठा आधीच निळा. सरांनी पिशवी खाली ठेवली. एक मोसंबं घरंगळत उंबऱ्यापर्यंत गेलं.

"माय, हे काय?"

"मी तुमच्या आभ्यासातनं निघाले."

"कारण?"

"कारन द्यायचं नसतंय म्हनं."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "उंबरकर, नियमात आहे?"

"आहे सर. तुम्हीच घालायला लावलं होतं."

ते खाली जमिनीवरच बसले. पँटची इस्त्री मोडली. त्यांनी मायच्या पायाला हात लावला आणि तो तिथंच ठेवला.

"एकदा अंगठा उठला की तू लगेच जाशील," ते म्हणाले. "लगेच, माय. त्या दिवशी चमचा तोंडाशी होता."

"ठाऊक हाय. म्हनून तर तुझ्यासाठी थांबले. ह्या पोरीचं लेकरू बघायचंय मला. सही केलीस तर सगळ्यांचंच चालू हुईल. मग तिचं आधी का माझं आधी, ती पळापळ आमची आमी करू. न्हाईतर म्या आत्ता अंगठा देते, लेकराचं तोंड न बगता."

"सही केली तरी तुला बघायला मिळेलच असं नाही."

"तू आनलेल्या मोसंब्यांनी तरी काय मिळालं रं? एक बी सोलून खाल्लं न्हाई. सोललं की परत साल येती."

सुवर्णा दारात उभी होती. ती हसली आणि मग तिने तोंडावर पदर घेतला.

"साळुंकेसाहेब," ती म्हणाली, "म्या तुमच्यात न्हाई, मला इचारायचा हक बी न्हाई. पर उभं ऱ्हायला आता होत न्हाई ओ मला."

सरांनी प्रबंध मांडीवर घेतला. तिसरं प्रकरण उघडलं. मला वाटलं आता परिच्छेद बदलायला सांगतील. त्यांनी बोटाने एक ओळ दाखवली.

"ही वाक्यरचना..." ते म्हणाले.

"गुन्या," गयामाय म्हणाल्या.

सरांनी पानं उलटून सहीचं पान काढलं. सरांची सही लांब असते, वडिलांच्या नावासकट. त्यांनी ती सावकाश केली. आडनावाच्या रेघेशी शेजारी सुवर्णाच्या चुलीवरचा तो बुडबुडा फुटला; भिंतीपलीकडून आम्हाला ऐकू आला. सुवर्णाने पुढे येऊन खाटेची कड धरली. तिच्या ओट्यावरची सांडशी कोणी हात न लावता खणखणली. लांब, रविवारीही भरलेल्या चौथीच्या वर्गात पाढ्याचा आवाज अडखळला आणि मग थांबला. आणखी काही झालं नाही. सरांनी पेनचं टोक उचललं.

"झालं का?" गयामायनी विचारलं.

"सहीखाली तारीख लागते," सर म्हणाले.  मग त्यांनी पेन माझ्यापुढे केलं, जसं त्यांनी बाकीच्या प्रत्येक विद्यार्थ्यापुढे केलं असणार. "तारीख तुम्ही घाला, उंबरकर. मी घालत नाही."

आजची तारीख त्यांनी मला हळू आवाजात सांगितली. त्यांच्याशिवाय ती गावात कोणाला ठाऊक नव्हती.

मी पेन घेतलं. सुवर्णाने खाली बसत माझा गुडघा धरला. तिची बोटं गरम होती. गयामायनी डोकं उशीवर तिच्या बाजूला वळवलं आणि डोळे मोठे उघडे ठेवले.

"अक्षर नीट काढ गं," त्या म्हणाल्या. "आन् बेगीनं."

मी पहिला आकडा काढला. शेजारी सुवर्णाच्या चुलीवर दूध काठाच्या बाहेर वाकलं.