खिळ्यावरची वायर

कुरुळीतल्या त्या प्रेस शॉपमध्ये दौलतरावांचा चहा पॅनेलपाशी यायचा. नऊ वर्षांत हा माणूस कँटीनची पायरी चढला नव्हता, आणि त्याला कारण होतं खिळ्याला टांगलेली एक निळी वायर.

लाइनवरच्या मशीन एकमेकींशी बोलायच्या त्या शॉपच्या दोन टोकांच्या दोन नेटवर्क स्विचमधून. त्यांना जोडणारी एक वायर चालू असे. दुसरी शेजारून ओढलेली होती, पण तिचं एक टोक पॅनेलमधल्या स्विचशेजारी, खिळ्यावर. चालू वायर फोर्कलिफ्टनं चेपली किंवा उंदरानं कुरतडली, की इलेक्ट्रिकल फोरमन दौलतराव धावत जाऊन दुसरी लावायचे. चाळीस सेकंदांत! साठीला टेकलेल्या माणसाची ही धाव बघायला पोरं हातातलं काम सोडायची. पण मशीनना धीर दोनच सेकंदांचा. लाइन थांबायचीच, आणि पुन्हा सुरू व्हायला वीस मिनिटं जायची.

मग दोन्ही वायरी लावूनच का ठेवत नव्हते? तर एका खंडेनवमीला पॅनेल पुसता पुसता कुणीतरी नीटनेटकेपणाच्या हौसेनं ते लोंबतं टोक रिकाम्या भोकात खोचलं आणि वर झेंडूची माळ घातली. दोन वाटा एकदम उघड्या झाल्या, मशीनचे निरोप त्यांतून गोल गोल फिरत सुटले, आणि पूजेच्या दिवशीच सगळ्या मशीन ठप्प. चूक सापडायला दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ झाली. तेव्हापासून पॅनेलची किल्ली दौलतरावांच्या करगोट्याला.

आता गिऱ्हाईक कंपनीनं निर्वाणीचं सांगितलं होतं: लाइन आणखी एकदा अशी थांबली, की ऑर्डर दुसरीकडे. ऑर्डर गेली की सेकंड शिफ्ट बंद, साठ माणसं घरी. त्यात दौलतराव दोन महिन्यांनी रिटायर होणार. त्यांच्यानंतर धावणार कोण, या विचारानं त्यांना जेवण गोड लागेना.

प्लँट हेड उद्धवरावांनी मैत्रीला बोलावलं. मैत्री थेरगावची, नेटवर्क इंजिनिअर. वडील ज्ञानदेव यांनी पिंपरीत लेथवर तीस वर्षं काढलेली. आल्या आल्या तिनं लॅपटॉप उघडला नाही. ती दौलतरावांबरोबर दोन्ही वायरींच्या कडेकडेनं चालली आणि कुठली जागा कधी तुटली ते वहीत उतरवून घेतलं. इतकी वर्षं हे कुणी विचारलं नव्हतं. दौलतराव मनातून सुखावले, पण बधले नाहीत.

"मॅडम, दोन्ही वायरी एकदम लागणार न्हाईत. मी हाय तवर तर न्हाईच."

"काका, दोन्ही लावायच्या, चालवायची एकच. दुसरी जागी राहील, पण गप्प बसेल. स्विचमध्ये ही सोय आहे, स्पॅनिंग ट्री म्हणतात. कुणीतरी ती बंद करून ठेवलीय."

"मंग ती नुसती चालू करा की."

"तिचा जुना प्रकार विचार करायला अर्धं मिनिट घेतो. म्हणजे तुमच्यापेक्षा दहाच सेकंद आधी. मला नवा लावायचाय, पापणी लवायच्या आत वाट बदलणारा."

"आन् पुढच्या खंडेनवमीला कुणी आणखी टोक खोचलं तर?"

"तेवढं एक भोक बंद पडेल. प्लँट नाही."

दौलतरावांनी तिच्याकडे नीट पाहिलं. रोगाचं मूळ या मुलीला बरोबर सापडलं होतं. त्यांनी करगोट्याची किल्ली सोडून तिच्या हातात दिली.

सुट्टीच्या दिवशी तिनं काम केलं. दोहोंपैकी प्रमुख स्विच कोणता ते ठरवून दिलं, मशीनकडे जाणाऱ्या वाटा सरळ मोकळ्या ठेवल्या, खिळ्यावरचं टोक भोकात लावलं, आणि प्रत्येक पायरी दौलतरावांना दाखवूनच पुढे गेली. दुसऱ्या दिवशी लाइन भरात असताना उद्धवराव म्हणाले, "आता चालू वायर काढून दाखवा."

"काका काढतील," मैत्री म्हणाली.

ज्या वायरीला नऊ वर्षं जपलं, ती आपल्याच हातानं उपटायची! दौलतरावांनी लांबच्या स्विचमधलं तिचं टोक दोन बोटांत धरलं. साठ घरं त्या दोन बोटांत होती. त्यांनी डोळे मिटले आणि टोक ओढलं.

आणि पॅनेलकडे धावले. सवयच ती, पाय कुणाचं ऐकतात होय! अर्ध्या शॉपमध्ये पोचल्यावर त्यांच्या कानांना कळलं, की प्रेसचा ठोका चालूच आहे. एकही चुकला नव्हता. ते तिथेच थांबले. पुढे करायला काहीच नव्हतं. मग असा आनंद झाला, की कधी जन्मात झाला नसेल.

ते धापा टाकत मागे आले. काढलेलं टोक त्यांनी पुन्हा लावलं, तरी ठोका चुकला नाही.

"पोरी," ते म्हणाले, "आणखी एकदा काढू?"

तीनदा काढली. मग पक्कड आणून त्यांनी तो खिळा उपटला, खिशात टाकला, आणि चहा घेऊन येणाऱ्याला वाटेतच थांबवलं.

"हितं नको ठिवू. कँटीन कुठल्या जिन्यानं, तेवढं सांग."